विषाणूंचे वर्गीकरण : रोगाच्या नावापासून जनुकाच्या मार्गापर्यंत

विषाणूंचे वर्गीकरण कोणत्या निकषावर करावे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तज्ज्ञांच्या सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरावर रोगाचे निदान, प्रतिबंध आणि उपचार या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. याचे एक बोलके उदाहरण भारताच्या राजधानीतच घडले. १९५५ सालच्या पावसाळ्यानंतर यमुनेला पूर आला आणि नदीच्या प्रवाहात बदल झाला. नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत मागे सरकले. पाण्यात तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वरासारख्या जीवाणुजन्य रोगांची साथ पसरली नाही. परंतु डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांमध्ये हा रोग विशेष घातक ठरला.

त्या काळी काविळीचे दोन प्रकार मानले जात : एक दूषित अन्नपाण्यातून पसरणारा व दुसरा रक्तातून पसरणारा. दिल्लीची साथ अर्थातच पहिल्या प्रकारात घालण्यात आली आणि जवळजवळ पंचवीस वर्षे ती तेथेच राहिली. १९८० साली त्या साथीतील रुग्णांच्या जपून ठेवलेल्या रक्तरसाची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. रक्तरसात ना 'ए' विषाणूच्या ताज्या संसर्गाची खूण सापडली, ना 'बी' विषाणूची. रोग तोच, लक्षणे तीच, प्रसाराचा मार्गही ओळखीचा. विषाणू मात्र अगदी निराळा होता.

रोगाच्या नावावरून विषाणू ओळखता येत नाही, हा या घटनेचा धडा. मग तो कशावरून ओळखावा? या प्रश्नाच्या अनुषंगाने विषाणूंची रचना, त्यांची प्रतिकृती निर्माण होण्याची रीत आणि या दोहोंवर आधारलेले वर्गीकरण यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विषाणूची संकल्पना

विषाणूची पहिली ओळख नकारात्मक स्वरूपाची होती. १८९२ साली रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणाऱ्या रोगाचा अभ्यास केला. रोगट पानांचा रस जीवाणू अडविणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून गाळला, तरी त्याची रोगकारक शक्ती नाहीशी होत नाही, असे त्यांना आढळले. १८९८ साली हॉलंडमधील बायरिंक यांनी या घटकाला 'सजीव संसर्गकारी द्रव' म्हटले आणि तो केवळ वाढणाऱ्या पेशींमध्येच वृद्धिंगत होतो, असे दाखविले. त्याच वर्षी लोफ्लर आणि फ्रॉश यांनी गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाचे कारणही गाळणीतून पार होते, हे सिद्ध केले. अशा रीतीने 'जो दिसत नाही, गाळला जात नाही आणि कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढत नाही' तो विषाणू, अशी व्याख्या रूढ झाली. विषाणू काय नाही एवढेच तिने सांगितले; तो काय आहे, हे सांगितले नाही.

१९३५ साली अमेरिकेत स्टॅन्ली यांनी तंबाखूचा हा विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला. मिठासारखे स्फटिक बनणारा पदार्थ सजीव कसा, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील बॉडन आणि पिरी यांनी त्यात प्रथिनाखेरीज थोडे न्यूक्लिइक अम्लही असल्याचे दाखविले. हे अम्ल वजनाने सुमारे पाच-सहा टक्केच असते. पण विषाणूचे सारे इंगित त्याच्यातच आहे, हे पुढे स्पष्ट झाले. १९५२ साली हर्शी आणि चेस यांनी जीवाणुभक्षकाच्या, म्हणजे जीवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूच्या, प्रथिनावर व डी. एन. ए. वर निरनिराळ्या किरणोत्सर्गी खुणा केल्या. जीवाणूच्या आत मुख्यतः डी. एन. ए. शिरते आणि बहुतेक प्रथिन बाहेरच राहते, असे त्यांना आढळले. १९५६ साली तंबाखूच्या विषाणूचे केवळ आर. एन. ए. पानावर चोळूनही रोग उत्पन्न करता येतो, हे सिद्ध झाले. प्रथिन हे कवच आणि न्यूक्लिइक अम्ल हा आदेश, ही विषाणूची आजची संकल्पना या प्रयोगांवर उभी आहे.

विषाणूची रचना

विषाणुकण अत्यंत लहान असतात. त्यांचे माप नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मीटरच्या एक अब्जांश भागात, देतात. पोलिओचा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटर व्यासाचा, तर देवीचा विषाणू सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचा असतो. २००३ साली वर्णन झालेला, अमीबामध्ये वाढणारा मिमिव्हायरस तर साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. यावरून केवळ आकारमान ही विषाणूची कसोटी होऊ शकत नाही, हे लक्षात येते.

प्रत्येक विषाणुकणात एकाच जातीचे न्यूक्लिइक अम्ल, डी. एन. ए. किंवा आर. एन. ए., जनुकसामग्री म्हणून असते. तिच्याभोवती प्रथिनांचे कवच असते. जनुकसामग्री अल्प असल्यामुळे अनेक प्रकारची प्रथिने तयार करण्याचे आदेश तिच्यात मावत नाहीत. म्हणून लहान विषाणूंचे कवच एकाच किंवा थोड्याच प्रकारच्या प्रथिनांच्या अनेक प्रती जुळवून बनलेले असले पाहिजे, असा तर्क क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ साली मांडला. घर बांधताना प्रत्येक वीट वेगळ्या साच्यातून काढावी लागत नाही. एकच साचा पुरतो. निसर्गाची काटकसर येथे तशीच आहे.

अशा समान विटा रचण्याच्या दोन प्रमुख रीती आढळतात. पहिली सर्पिल रीत होय. तंबाखूच्या विषाणूत १५८ अमिनो अम्लांच्या एकाच प्रथिनाच्या सुमारे २,१३० प्रती गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे रचलेल्या असतात आणि सुमारे ६,४०० घटकांचा आर. एन. ए. धागा त्यांच्यामधून वळत गेलेला असतो. त्यातून ३०० नॅनोमीटर लांब व १८ नॅनोमीटर जाड अशी दांडी तयार होते. दुसरी रीत वीस त्रिकोणी पृष्ठे व बारा शिरोबिंदू असलेल्या घनाकृतीची होय. या आकृतीत एकसारखे ६० घटक अगदी समान स्थितीत बसू शकतात. कवच मोठे करावयाचे तर साठाच्या ठरावीक पटीत घटक वापरावे लागतात. या रचनेचे गणित कॅस्पर आणि क्लूग यांनी १९६२ साली मांडले. काविळीच्या 'बी' विषाणूच्या आतील कवचात बहुधा २४० घटक असतात, म्हणजे साठाच्या चौपट.

काही विषाणूंच्या कवचाबाहेर मेदयुक्त आवरण असते. पेशीतून बाहेर पडताना विषाणू पेशीच्याच पटलाचा तुकडा अंगावर घेतो आणि त्यात आपली प्रथिने रोवतो. हे आवरण पेशीत शिरण्यास उपयोगी असले, तरी नाजूक असते. साबण, मद्यार्क, पित्तरस अशा मेद विरघळविणाऱ्या पदार्थांनी ते नष्ट होते व विषाणू निष्प्रभ होतो. आवरण नसलेले विषाणू सामान्यतः अधिक चिवट असतात. आतड्यातून आणि पाण्यातून प्रवास कोण करू शकेल, हे पुष्कळ अंशी या एका भेदावर ठरते.

प्रतिकृतीची रीत

जीवाणू वाढतो आणि त्याचे दोन भाग होतात. विषाणू वाढत नाही, विभागतही नाही. त्याचे सुटे भाग पेशीत तयार होतात आणि मग जुळतात. या क्रियेचे टप्पे ठळकपणे सांगता येतात. प्रथम विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट ग्राहक रेणूला चिकटतो. ग्राहक नसलेली पेशी सहसा त्याला बळी पडत नाही. म्हणूनच विषाणू ठरावीक प्राण्यांत आणि ठरावीक अवयवांत वाढतो. नंतर तो आत शिरतो व त्याचे कवच सुटते. या क्षणी विषाणुकण म्हणून काहीच शिल्लक नसते. संसर्ग झालेल्या पेशी या अवस्थेत फोडून पाहिल्या तर संसर्गक्षम कण जवळजवळ सापडत नाहीत. या कालखंडाला 'ग्रहणकाल' म्हणता येईल. ग्रहणात सूर्य झाकला जातो, नष्ट होत नाही. येथेही विषाणू नष्ट झालेला नसतो, तर आदेशाच्या रूपाने काम करीत असतो.

त्यानंतर विषाणूची प्रथिने तयार होतात, जनुकसामग्रीच्या प्रती निघतात, दोहोंची जुळणी होते आणि नवे कण पेशी फोडून किंवा तिच्या पटलातून बाहेर पडतात. काही जीवाणुभक्षकांत हे सारे चक्र सुमारे अर्ध्या तासात पुरे होते आणि एका कणापासून शंभराहून अधिक कण निर्माण होतात.

या सर्व टप्प्यांत एक गोष्ट कोणत्याही विषाणूला टाळता येत नाही. प्रथिने तयार करणारी यंत्रणा, म्हणजे रायबोसोम, विषाणूजवळ नसते. ती पेशीची असते. पेशीच्या रायबोसोमला केवळ संदेशवाहक आर. एन. ए. ची भाषा समजते. म्हणून विषाणूची जनुकसामग्री कोणत्याही स्वरूपाची असो, तिला या ना त्या मार्गाने संदेशवाहक आर. एन. ए. निर्माण करावेच लागते. हा अनिवार्य टप्पाच पुढे वर्गीकरणाचा मध्यबिंदू ठरला.

वर्गीकरणाचे निकष

आरंभी विषाणूंची विभागणी त्यांच्या आश्रयदात्यावरून व रोगावरून होत असे : वनस्पतींचे, प्राण्यांचे, जीवाणूंचे विषाणू, मेंदूचे, यकृताचे, त्वचेचे विषाणू. वैद्याच्या दृष्टीने ही सोयीची असली, तरी तिच्यात दोन दोष होते. एकच रोग अनेक विषाणूंमुळे होतो आणि एकाच कुलातील विषाणू भिन्न रोग निर्माण करतात. १९६२ साली ल्वॉफ, हॉर्न आणि टूर्निए यांनी रोग बाजूस ठेवून विषाणुकणाचे गुणधर्म हाच आधार मानण्याची सूचना केली. न्यूक्लिइक अम्लाचा प्रकार, कवचाची सममिती, आवरण आहे की नाही आणि कणाचे माप, हे त्यांचे निकष होते. विषाणूंच्या नामकरणासाठी १९६६ साली आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि कुल, प्रजाती, जाती अशी रचना हळूहळू आकारास आली.

१९७० साली या चित्रात मोठी भर पडली. टेमिन आणि मिझुतानी यांनी, तसेच स्वतंत्रपणे बाल्टिमोर यांनी, काही विषाणूंमध्ये आर. एन. ए. वरून डी. एन. ए. बनविणारे विकर, म्हणजे एन्झाइम, शोधून काढले. जनुकीय माहिती डी. एन. ए. कडून आर. एन. ए. कडे जाते, या रूढ समजाच्या उलट दिशेने होणाऱ्या या क्रियेला उलट प्रतिलेखन म्हणतात. पुढच्या वर्षी, १९७१ साली, बाल्टिमोर यांनी सर्व प्राणिविषाणूंना एकच प्रश्न विचारला : हा विषाणू संदेशवाहक आर. एन. ए. पर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो? त्यांनी सहा गट पाडले; सातवा पुढे जोडला गेला.

गटांचे वर्णन करण्यापूर्वी एक संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. संदेशवाहकाप्रमाणे थेट वाचता येणाऱ्या धाग्याला 'धन' आणि त्याच्या पूरक धाग्याला 'ऋण' म्हणतात.

पहिल्या गटात दुहेरी डी. एन. ए. असलेले विषाणू येतात. उदाहरणार्थ, नागीण व देवी यांचे विषाणू. त्यांचा मार्ग पेशीच्या स्वतःच्या मार्गासारखाच असतो. दुसऱ्या गटात एकेरी डी. एन. ए. असते, ते आधी दुहेरी करावे लागते. पार्व्होव्हायरस या गटातील होत. तिसऱ्या गटात दुहेरी आर. एन. ए. असते; बालकांच्या जुलाबाचा रोटाव्हायरस हे त्याचे उदाहरण. चौथ्या गटात धन आर. एन. ए. असते. पोलिओ, डेंग्यू आणि करोना यांचे विषाणू, तसेच तंबाखूचा विषाणूही यात मोडतात. येथे जनुकसामग्री हाच संदेश असतो. म्हणूनच यांचे उघडे आर. एन. ए. सुद्धा पेशीत शिरल्यास संसर्ग घडवू शकते. पाचव्या गटात ऋण आर. एन. ए. असते, इन्फ्लुएन्झा, गोवर आणि आलर्क म्हणजे रेबीज यांचे विषाणू या गटातील आहेत. त्यांचा धागा रायबोसोमला वाचता येत नाही आणि तो उलटविणारे विकर पेशीजवळ तयार नसते. म्हणून या विषाणूंना ते विकर कणातच बरोबर आणावे लागते. सहाव्या गटात धन आर. एन. ए. असूनही ते आधी डी. एन. ए. मध्ये उलटविले जाते व पेशीच्या गुणसूत्रात जोडले जाते; एड्सचा विषाणू हे त्याचे उदाहरण होय. सातव्या गटातील विषाणूंच्या कणात डी. एन. ए. असते, पण त्यांच्या प्रती मात्र आर. एन. ए. च्या टप्प्यातून निघतात.

काविळीचे पाच विषाणू

या कसोटीवर यकृताला सूज आणणारे विषाणू तपासले असता एका रोगनामाखाली काय काय दडले होते, हे ध्यानात येते. आजवर अशा पाच प्रमुख विषाणूंना ए ते ई ही अक्षरे मिळाली आहेत.

'ए' विषाणू १९७३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला गेला. तो चौथ्या गटातील असून पोलिओच्या विषाणूच्या कुलात मोडतो. 'ई' विषाणू १९८३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ बालायान यांनी पाहिला व १९९० साली त्याची जनुके हाती आली. दिल्लीच्या साथीचे कारण म्हणून आज यालाच मानतात. तोही चौथ्या गटातील आहे, परंतु त्याचे कुल स्वतंत्र आहे. म्हणून 'ए' विरुद्धची प्रतिकारशक्ती 'ई' पासून संरक्षण देत नाही. दोघांचेही विष्ठेतून बाहेर पडणारे कण आवरणरहित असतात. पित्तरसातून ते सुखरूप पार होतात आणि सांडपाण्यातून पिण्याच्या पाण्यात येतात.

'सी' विषाणू १९८९ साली, कण दिसण्यापूर्वीच, त्याच्या जनुकांवरून ओळखण्यात आला. तो पुन्हा चौथ्याच गटातील, पण आवरणयुक्त आणि डेंग्यूच्या विषाणूच्या कुलातील आहे. त्याचा प्रसार मुख्यतः रक्तातून होतो. 'बी' विषाणूचा मार्ग यांहून अगदी वेगळा, सातव्या गटाचा आहे. सुमारे ३,२०० घटकांचे त्याचे डी. एन. ए. अंशतः दुहेरी असते. पेशीच्या केंद्रकात त्याचे पूर्ण बंद वर्तुळ बनते, वर्तुळावरून आर. एन. ए. निघते आणि त्या आर. एन. ए. वरून उलट प्रतिलेखनाने पुन्हा डी. एन. ए. तयार होते. समर्स आणि मेसन यांनी हा मार्ग १९८२ साली उलगडला. १९७७ साली रिझेट्टो यांनी ज्याची खूण प्रथम ओळखली, तो 'डी' तर अपूर्ण विषाणू आहे. सुमारे १,७०० घटकांच्या वर्तुळाकार आर. एन. ए. ला स्वतःचे बाह्य आवरण नसते. ते 'बी' विषाणूकडून घ्यावे लागते.

वर्गीकरणाचे व्यावहारिक फल

हे भेद केवळ ग्रंथांतरी राहणारे नाहीत. 'बी' आणि एड्सचा विषाणू यांचे रोग, अवयव व परिणाम यांत काहीच साम्य नाही. तरी उलट प्रतिलेखन हा दोहोंच्या जीवनक्रमातील समान दुवा आहे. म्हणूनच प्रथम एड्सवर वापरलेली लॅमिव्हुडीन आणि टेनोफोव्हिर ही औषधे 'बी' वरही लागू पडली. त्यांचा 'सी' वर काही उपयोग नाही, कारण त्याच्या मार्गात उलट प्रतिलेखन नाहीच. उलट, 'सी' च्या आर. एन. ए. च्या प्रती काढणारे विकर रोखणारे सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ पासून उपलब्ध झाले आणि इतर औषधांच्या जोडीने ते दिल्यास काही आठवड्यांत बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

'सी' बरा होतो आणि 'बी' बहुधा केवळ आवाक्यात ठेवता येतो, याचेही उत्तर प्रतिकृतीच्या मार्गातच आहे. 'सी' चे आर. एन. ए. पेशीद्रवात राहते, त्याच्या प्रती थांबल्या की ते हळूहळू नाहीसे होते. 'बी' चे बंद वर्तुळ मात्र केंद्रकात टिकून राहते आणि औषध थांबविताच पुन्हा कामास लागू शकते. म्हणून 'बी' च्या बाबतीत लसीचे महत्त्व सर्वाधिक आहे. ही लस 'डी' पासूनही संरक्षण देते. 'बी' नसेल तर 'डी' ला आवरणच मिळत नाही. 'ए' वर परिणामकारक लस आहे. 'ई' वरील एका लसीला चीनमध्ये २०११ साली परवाना मिळाला. तथापि 'ए' आणि 'ई' या दोहोंच्या बाबतीत शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची योग्य व्यवस्था हाच मूळ उपाय आहे. 'सी' वर अद्याप लस नाही. तेथे रक्ताची तपासणी आणि निर्जंतुक सुया यांवर भर द्यावा लागतो.

समारोप

बाल्टिमोर यांची पद्धती विषाणूचा मार्ग सांगते, वंश सांगत नाही. 'ए', 'सी' आणि 'ई' एका गटात बसले तरी ते एकमेकांचे जवळचे आप्त ठरत नाहीत. जनुकांचा क्रम वाचणे सुलभ झाल्यापासून आंतरराष्ट्रीय समितीने विषाणूंच्या उत्क्रांतीवर आधारलेली अनेक श्रेणींची रचना स्वीकारली आहे. तिच्यात आर. एन. ए. वरून प्रती काढणाऱ्या विकराच्या समान वारशावरून 'ए', 'सी' आणि 'ई' हे तिघे, तसेच उलट प्रतिलेखन करणारा 'बी' हाही, एका विशाल विभागात येतात. 'डी' साठी मात्र वेगळाच विभाग करावा लागला. दोन्ही पद्धती परस्परांना पूरक आहेत : एकीवरून विषाणूचे नाते कळते, दुसरीवरून त्याचे कार्य.

रोगावरून कणाकडे, कणावरून जनुकाच्या मार्गाकडे आणि तेथून वंशाकडे असा वर्गीकरणाचा प्रवास झाला आहे. प्रत्येक टप्प्यावर जुने नाव टिकून राहिले. काविळीला आजही लोक कावीळच म्हणतात आणि रुग्णाच्या दृष्टीने ते खरेही आहे. परंतु त्या एका नावामागील पाच भिन्न मार्ग माहीत असल्याशिवाय पाण्याकडे पाहावे की रक्ताकडे, लस द्यावी की औषध, आणि औषध द्यावयाचे तर कोणते, हे ठरविता येत नाही. दिल्लीच्या साथीला जेव्हा तिचे खरे नाव मिळाले, तेव्हा तिच्यात दगावलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. पुढच्या साथीत गर्भवती स्त्रियांना धोका कशापासून आहे, हे मात्र त्या नावामुळेच सांगता येऊ लागले.